ईबर्ड: एका रविवारच्या गटाने वापरून सांगितलेलं

पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं ईबर्ड हे अॅप एकट्याने भटकणाऱ्या, गळ्यात महागडा कॅमेरा असलेल्या माणसासाठी आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याच्याबद्दल जे लिहिलं जातं तेही त्याच अंगाने. मी ते गटासाठी वापरते, म्हणून हे परीक्षण त्या बाजूने लिहिते आहे. नाशिकरोडला माझं स्टेशनरीचं दुकान आहे. रविवारी ते उशिरा उघडतं आणि ती सकाळ आमच्या गटाची असते. गटात जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत, एक रिक्षावाले दादा, सिव्हिलमधल्या दोन सिस्टर, कॉलेजची चार-पाच मुलंमुली आणि अधूनमधून त्यांच्यापैकी कुणाची तरी आई. कधी गंगापूर धरणाच्या मागच्या अंगाला जातो, पण आमचं खरं ठिकाण निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईबर्ड २००२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी आणि ऑड्युबॉन सोसायटीने सुरू केलं. फुकट आहे, जाहिराती नाहीत. भारतात त्याच्या प्रसाराचं आणि नोंदी सांभाळण्याचं काम बर्ड काउंट इंडिया हा संस्था आणि गटांचा मिळून झालेला समूह करतो. तुम्ही कुठे, कधी, किती वेळ, किती अंतर चाललात आणि कोणते पक्षी किती दिसले, एवढं भरायचं. झाली यादी. बांधावर नेटवर्क नसलं तरी अडत नाही, कारण त्या भागातल्या पक्ष्यांची नावं घरून निघतानाच फोनमध्ये उतरवून ठेवता येतात आणि यादी नंतर पाठवता येते. चाललेली वाट अॅप आपोआप आखून ठेवतं. बॅटरी मात्र खातं, पॉवर बँक जवळ ठेवा.

हे सगळं इतरही अॅपमध्ये मिळेल. गटाच्या दृष्टीने मला मोलाच्या वाटतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत, आणि जाहिरात करायची झाली तर त्या कुणी पुढे करणार नाही इतक्या साध्या आहेत.

पहिली म्हणजे यादी पाठवताना विचारला जाणारा एक प्रश्न: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी यात लिहिले आहेत का? या एका प्रश्नाने आमच्या गटाचं वागणं बदललं. पूर्वी आम्ही नांदूर मध्यमेश्वरला चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचेपर्यंत कुणी वहीच काढत नसे. रस्त्यातल्या साळुंक्या, कोतवाल, वेडे राघू, विजेच्या तारेवरचा खंड्या यांना कोण लिहितं! रोहित (फ्लेमिंगो) दिसले का, क्रौंच आले का, एवढंच विचारायचं. आता यादी पूर्ण म्हणून पाठवायची तर कावळाही मोजावा लागतो. दुकानात वर्षअखेरीला साठा मोजताना खपणारा माल आणि पडून राहिलेला माल दोन्ही मोजले तरच हिशेब लागतो, तसंच आहे हे. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो त्या वेळी त्या ठिकाणी आपल्याला सापडला नाही, ही सुद्धा माहिती असते. शंभर पूर्ण याद्यांपैकी किती याद्यांत चाष, म्हणजे नीलकंठ, आहे, हा आकडा वर्षानुवर्षं ताडून पाहिला की तो वाढतोय की घटतोय ते कळतं.

चाषाचं उदाहरण मुद्दाम घेतलं. २०२३ साली ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल आला. तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे आणि त्या ईबर्डवरच्या आहेत. ९४२ जातींचा त्यात विचार केला आहे. त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं, असं त्यात म्हटलं आहे. त्यात आपला चाष आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो पक्षी एका तपात जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाल्याचं त्या याद्यांतून दिसलं. मोराची संख्या मात्र बरीच वाढलेली आढळली. आमच्या सिस्टरने हे वाचून दाखवलं तेव्हा रिक्षावाले दादा म्हणाले, “म्हणजे आपण लिहिलेली साळुंकीपण कुणीतरी वाचतंय.” तेव्हापासून वाटेतल्या साळुंक्या मोजायचं काम त्यांच्याकडे आहे, आणि त्यांची मोजणी आमच्या सगळ्यांपेक्षा चोख असते.

दुसरी गोष्ट म्हणजे यादी वाटून घेण्याची सोय. गटात एकानेच टिपायचं, बाकीच्यांनी मान वर करून पाहायचं. मुक्कामाला पोहोचल्यावर ज्याने टिपलं त्याने ती यादी इतरांच्या खात्यावर पाठवायची. मग प्रत्येकाने आपल्याला न दिसलेले पक्षी आपल्या प्रतीतून काढून टाकायचे. हिशेबात ती फेरी एकच धरली जाते, आठ जण होते म्हणून पक्षी आठपट होत नाहीत. ऐकायला ही तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात काय होतं पाहा: दर दहा मिनिटांनी टिपणारी मुलगी ओरडते, “वंचक बगळे किती झाले?” आणि मग बाकीचे भांडतात. कुणी चार म्हणतं, कुणी सात. परत वळून मोजलं जातं. नवख्याला विचारलं जातं, तुला दिसला का, कुठे बसलाय, दुर्बीण घे. एरवी दोन जाणकार पुढे आणि बाकीचे मागे गप्पा मारत चालतात. इथे सगळ्यांना एका यादीसाठी एकत्र राहावं लागतं. फोन हातात आला की माणसं एकमेकांपासून तुटतात, ही तक्रार मी दुकानात रोज ऐकते. त्या बांधावर एका फोनभोवती आठ डोकी जमतात.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांचं काय? यादीत निरीक्षकांची संख्या भरावी लागते, आणि त्यात खातं असलेले-नसलेले सगळे मोजायचे असतात. आमच्या याद्यांत “निरीक्षक ९” असं असतं, त्यातली खाती पाच. उरलेल्या चार जणांचे डोळे त्या यादीत आहेतच. खातं नाही म्हणून कुणाची नजर वाया जात नाही. पण त्या चौघांना नंतर स्वतःचं असं काही पाहता येत नाही, ही उणीव मला खुपते.

गुरुजींची गोष्ट इथे सांगायलाच हवी. त्यांच्याकडे जाड पुठ्ठ्याच्या वह्या आहेत, नोकरीच्या काळापासूनच्या. ज्या ज्या गावी बदली झाली तिथलं तळं, ओढा, गायरान. तारीख, सकाळी निघाल्याची आणि परतल्याची वेळ, पक्ष्यांची मराठी नावं, आणि पुढे आकडे. चमच्या, शराटी, चित्रबलाक, टिटवी, सातभाई. या वह्यांचं पुढे काय होणार, याची त्यांना काळजी होती, कारण घरात पक्ष्यांचं वेड दुसऱ्या कुणाला नाही. ईबर्डवर जुन्या तारखांच्या याद्या भरता येतात. फक्त नियम असा की, ज्याने पक्षी पाहिले त्याच्याच नावाने त्या गेल्या पाहिजेत. म्हणून गुरुजींचं स्वतंत्र खातं उघडलं. कॉलेजची मुलं शनिवारी संध्याकाळी त्यांच्या घरी जातात. गुरुजी वाचतात, मुलं भरतात. वेळ आणि सगळे पक्षी लिहिलेली पानं पूर्ण यादी म्हणून, आणि जिथे नुसतंच “दोन चक्रवाक” लिहिलंय ती पानं जुनी किंवा सहज झालेली नोंद म्हणून. काम संपलेलं नाही, संपायची घाईही नाही, कारण दर पानाला गुरुजी थांबतात आणि त्या गावचं पाणी कसं होतं, गायरानाचं पुढे काय झालं, ते सांगतात. ते सांगणं यादीच्या खालच्या टिपेच्या रकान्यात मुलं लिहून घेतात. अॅप बनवणाऱ्यांनी हा रकाना इतका मोकळा ठेवला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

नावं मराठीत दिसण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती आम्ही सगळ्यांच्या फोनवर आधीच करून देतो. हळदीकुंकू बदक, थापट्या, शेकाट्या, कमळपक्षी ही नावं पडद्यावर दिसली की, इंग्रजीला बिचकणारी माणसं सरसावून पुढे येतात. बटणं आणि सूचना मात्र आमच्या फोनवर इंग्रजीतच आहेत. एकदा समजावून द्याव्या लागतात, मग हाताला सवय होते.

आता नांदूर मध्यमेश्वरबद्दल. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचत गेला आणि उथळ पाण्याची, बेटांची, पाणवनस्पतींची दलदल तयार झाली. पक्ष्यांना हवं तेच नेमकं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. ईबर्डवर अशा ठिकाणांना हॉटस्पॉट म्हणतात. हॉटस्पॉटचं पान उघडलं की तिथे आजवर कोणत्या जाती दिसल्या, काल-परवा काय दिसलं, कोणत्या महिन्यात काय असतं, हे कुणालाही पाहता येतं.

पण ते पान एवढंच सांगतं की काय दिसलं. का दिसलं किंवा आज ते कुठे असेल, हे चापडगावचा आमचा गाईड सांगतो. तो म्हणतो, “ताई, आवर्तन सुटलंय, पाणी चढलंय, चिखलातली पाखरं वर सरकली असतील.” वरच्या धरणांतून पाणी सोडलं की बंधाऱ्यातली पातळी हलते, चिखलाचे पट्टे उघडे पडतात किंवा बुडतात आणि शेकाट्या, तुतारी असे उथळात चरणारे पक्षी जागा बदलतात. हे ज्ञान त्याच्या घरात मासेमारीतून आलेलं आहे. ते कुठल्याही अॅपमध्ये नाही. आम्ही त्याला ईबर्ड दाखवलं तेव्हा त्याने दोन महिन्यांचे तक्ते बारकाईने पाहिले आणि लगेच दाखवून दिलं की अमुक आठवड्यात बदकं कमी का झाली. आता बाहेरगावचे पाहुणे हॉटस्पॉटचं पान पाहून येतात आणि त्याला विचारतात, अमुक पक्षी दाखवाल का. त्याला दिवसाचं काम मिळतं आणि यादी करून तो ती पाहुण्यांना पाठवतो. मला विचाराल तर या सेवेचं सर्वांत मोठं यश हेच: दूरच्या माणसाला तिने इथल्या माणसापर्यंत आणून सोडलं.

यादीवर नजर ठेवणारी माणसंही असतात. त्या भागात, त्या महिन्यात अनपेक्षित असा पक्षी किंवा फार मोठा आकडा भरला की अॅप तिथेच तपशील मागतं आणि ती नोंद परीक्षकाकडे जाते. परीक्षक म्हणजे आपल्याच भागातले जाणते पक्षीनिरीक्षक, विनामोबदला हे काम करणारे. एकदा आमच्या गटाने भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी नोंदवली. परीक्षकांनी फार सौजन्याने विचारलं, पांढुरका की मोन्टेग्यूचा, हे कशावरून ठरवलं, मानेजवळचा पट्टा दिसला का, फोटो आहे का. त्या रविवारी चहाच्या टपरीवर तासभर त्या एका फोटोवर चर्चा झाली. सिस्टरनी पंखांची टोकं मोजली, मुलांनी पुस्तकं काढली. शेवटी “दोहोंपैकी एक” अशी नोंद ठेवली. तशीही सोय आहे. खात्री नसेल तर तेवढंच लिहायचं, ही शिस्त गटाला त्या एका पत्राने लागली. पाठवल्या पाठवल्या सगळं मान्य करणारी यंत्रणा असती तर ही चर्चा झालीच नसती.

व्हॉट्सअॅप ग्रुप असताना हे कशाला, असं नवे लोक विचारतात. ग्रुप आम्हीही वापरतो: किती वाजता निघायचं, गाडीत जागा किती, पोहे कोण आणतंय. पण तिथे टाकलेला फोटो दुपारपर्यंत शुभेच्छांच्या खाली जातो आणि पुढच्या वर्षी कुणालाच सापडत नाही. यादी सापडते. उलट ईबर्ड कुणाला बोलावत नाही. त्यावर गप्पा होत नाहीत, रविवारी कोण येणार हे कळत नाही, नव्या गावात राहायला गेलेल्या माणसाला शेजारचा गट कुठे आहे ते सापडत नाही. माणसं जमवण्याचं काम तुम्हालाच करावं लागतं. ज्यांना वाटतं की अॅप उतरवलं की गट आपोआप तयार होईल, त्यांची निराशा होईल.

यातली एक गोष्ट मला मनापासून नावडते: क्रमवारी. जिल्ह्यात, राज्यात सर्वाधिक जाती कुणी पाहिल्या, याची पहिल्या शंभरांची यादी तिथे असते. तरुण पोरांना ती झपाटून टाकते. मग दुर्मीळ पक्ष्याची बातमी आली की गाड्या पळवायच्या, तो टिपायचा आणि पुढच्या ठिकाणी निघायचं. एका पाणवठ्यावर तासभर बसण्याचा धीर त्यात राहत नाही. आमच्या गटात आम्ही ठरवलं आहे की क्रमवारीची चर्चा फेरीत करायची नाही. त्याऐवजी एकाच जागेवर दर महिन्याला गेलेल्या याद्या किती, हे मुलांना मोजायला सांगतो. ते आकडे वाढवायला त्यांना आवडतं आणि कामाचेही तेच असतात.

बायकांसाठी आणि मुलांच्या पालकांसाठी एक महत्त्वाची सूचना. यादीतलं ठिकाण इतरांना दिसू शकतं. घराच्या गच्चीवरून यादी करणार असाल तर ठिकाणाला घराचं नाव किंवा पत्ता देऊ नका, भागाचं नाव द्या. एकट्याने फिरत असाल तर यादी घरी आल्यावर पाठवा. आपलं नाव लोकांना दिसू नये अशी निवडही करता येते, ती पाहून घ्या. माळढोकासारख्या संकटात असलेल्या पक्ष्यांची नेमकी जागा ईबर्ड स्वतःहून झाकतं. पण साध्या घुबडाचं घरटं तुम्हाला सापडलं तर त्याची जागा टिपेत लिहू नये, एवढं तारतम्य आपणच बाळगायचं.

सोबतचं मर्लिन हे अॅपही त्याच लॅबचं. आकार, रंग, तो काय करत होता असे थोडे प्रश्न विचारून पक्ष्याची नावं सुचवतं, आवाज ऐकूनही सुचवतं. सुचवतं एवढंच लक्षात ठेवा. त्या जागी, त्या महिन्यात लोकांनी काय पाहिलंय यावर त्याचा अंदाज बेतलेला असतो, म्हणजे शेवटी आपल्याच याद्यांवर. त्याने नाव सांगितलं की आमच्या गटात प्रतिप्रश्न होतो, “आणि तुला काय दिसलं?” नुसत्या मर्लिनच्या सांगण्यावरून यादीत काही जात नाही.

गट सुरू करायचा असेल तर निमित्तं भरपूर आहेत. फेब्रुवारीत चार दिवस ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो. भारत त्यात २०१३ पासून आहे आणि शाळा-कॉलेजांच्या आवारातली मोजणीही त्याच दिवसांत होते. जानेवारीत पाणपक्ष्यांची आशियाई गणना असते, तीत अनुभवी लोकांसोबत उभं राहायला मिळतं. केरळमधल्या पक्षीमित्रांनी तर २०१५ ते २०२० या काळात सगळं राज्य चौकटींत वाटून घेतलं, ठरल्या चौकटीत ठरल्या वेळी माणसं पाठवली, याद्या ईबर्डवर भरल्या आणि राज्याचा पक्षी-नकाशासंग्रह तयार केला: ३६१ जाती, तीन लाखांच्या आसपास नोंदी. मला वाटतं महाराष्ट्राने निदान एकेक तालुका तरी असा हाती घ्यावा. निफाडपासून सुरुवात झाली तर आम्ही आहोतच.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत. येत्या सप्ताहात आमचा गट बंधाऱ्याकाठच्या एका शाळेत जाणार आहे. भाषण नाही, प्रश्नमंजूषा नाही. पाच-पाच मुलांची टोळी, प्रत्येक टोळीबरोबर गटातला एक जण आणि एक फोन, शाळेच्या कुंपणापासून पाण्यापर्यंत पंधरा-पंधरा मिनिटांच्या याद्या. मुलांना खाती नकोत. निरीक्षकांच्या संख्येत ती असतील. टिपायला आमच्याकडे फोन कमी पडतायत, तेव्हा नाशिक-निफाडच्या ज्यांना त्या आठवड्यात एक सकाळ देता येईल त्यांनी यावं. दुर्बीण नसली तरी चालेल.